टाइमपास करायचाच तर मोल्सवर्थसोबत

मोबाइल घेऊन बसलेल्या मुलांवर आपण ओरडतो आणि स्वतः रात्री बारापर्यंत रील्स सरकवत राहतो. टाइमपासला माझा विरोध नाही. यवतमाळच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा माणसाने करावे तरी काय? फक्त तास-दोन तासांनी उठताना हाती काहीतरी उरावे, एवढेच माझे म्हणणे.

बुद्धिबळाची आवड असेल तर 'लिचेस' पाहा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. आता तरी मुलींसमोर पट मांडायला हरकत नसावी. 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल फिरवा, हिरव्या ठिपक्यावर थांबा, त्या गावचा रेडिओ सुरू.

माझा आवडता खेळ मात्र शब्दांचा आहे. तो कोणी खेळ म्हणून बनवलेला नाही. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'वर मोल्सवर्थचा मराठी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) दोन्ही मोफत आहेत. एकच शब्द दोन्हीकडे शोधायचा आणि तो वाटेत कुठे बदलला ते पाहायचे. अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत, म्हणजे तिसरी भाषाही घासूनपुसून निघते.

'खुलासा' घ्या. उर्दूच्या तासाला मी 'सबक का खुलासा लिखो' म्हणतो, तेव्हा मुले धड्याचा सारांश लिहितात. कार्यालयातून 'खुलासा सादर करावा' असे पत्र आले की मास्तरांना घाम फुटतो. तिथे सारांश पाठवून चालत नाही! 'शिकस्त' म्हणजे फारसी-उर्दूत पराभव, मोडणे. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. हरण्याचा शब्द मराठीने जिद्दीला लावला, हे मला फार आवडते. 'तकरार' तिकडे पुनरुक्ती किंवा भांडण, इकडे अर्ज लिहून करायची तक्रार. आणि 'गरीब' मुळात परका, अनोळखी. 'अजीबोगरीब'मध्ये तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. परक्या मुलखात आलेल्या माणसाकडे असते तरी काय, म्हणून तो गरीब झाला असावा, असा माझा आपला तर्क.

मोल्सवर्थने शब्दापुढे अरबी, फारसी, संस्कृत अशा मुळांच्या खुणा केल्या आहेत. 'मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो तुम्ही' अशी शाबासकी आयुष्यभर ऐकली आहे. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण 'शाबास' हा शब्दच फारसीतून आलेला आहे, हे त्याच्या गावी नसते. आपल्याकडचे काही पालकही कमी नाहीत. मराठीत जास्त रमला तर पोराची उर्दू बिघडेल, ही त्यांची धास्ती. दोघांनाही मी वाद न घालता हे दोन कोश उघडून देतो. वादात माणूस हट्टाला पेटतो, खेळात तो स्वतःच पुढचा शब्द टाकतो.

उर्दू लिपी येत नसेल तर 'रेख्ता'वर जा. २०१३ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर गझल देवनागरीतही वाचता येते आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो.

या रविवारी 'फाजील' शोधून पाहा. मराठी घरात ज्याचे फाजील लाड होतात आणि उर्दूत ज्याला फाजिल म्हणतात, ती दोन पोरे एका बाकावर बसवायला मला तरी आवडेल.