गच्चीवरचा सडका फोम आणि आपली जीवदया



"फोम उकरला तर मुंग्या मरतील. उगाच पाप नको, राहू दे." गच्चीवरच्या जुन्या फोमचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. वाटते जीवदया, पण मला विचाराल तर हा निव्वळ आळस आहे.

गळती आणि ऊन अडवायला फवारून बसवलेला हा पीयू फोम. वरचा रंगाचा थर शाबूत असेतो टिकतो. तो उडाला की फोम उन्हानं पिवळा-तपकिरी पडतो, बोट घासलं तरी भुगा निघतो. मग भेगा, आणि भेगांतून पाणी. ते आत लवकर सुकत नाही, खालून सरकत राहतं. म्हणून भेग असते जिन्याजवळ आणि गळतं देवघरात. स्लॅबची सळई गंजते ते वेगळंच.

आता जीवांचा हिशोब मांडा. ओल्या फोममध्ये लील-फूग धरते, मुंग्या-किडे घर करतात. दर पावसाळ्यात जन्मतात, दर उन्हाळ्यात होरपळतात, आणि वरून आपण कपडे वाळत घालत फिरतो. एकदा जयणेनं काढण्यात जास्त हिंसा, की दरवर्षी हे चालू ठेवण्यात? पाणी गाळतो, धान्याला ऊन देतो, ते जीवोत्पत्ती होऊ नये म्हणूनच ना? मग गच्चीला वेगळा न्याय का?

दुसरी पळवाट ठेकेदाराची: "भाभी, वरून एक नवा कोट मारून देतो." मारू देऊ नका. ओल्या, भुगा झालेल्या थरावर नवा फोम नीट धरत नाही, फुगे येतात, आणि आतली ओल कोंडून राहते.

सगळ्यात वाईट म्हणजे काढलेला फोम मोकळ्या प्लॉटवर पेटवणं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. मुंगीसाठी हळहळायचं आणि शेजारच्या लेकराला हा धूर द्यायचा? नाल्यात टाकलात तर तुकडे तरंगत नासर्डी, वाघाडीतून गोदावरीत जातात. तो कुजतही नाही.

म्हणून अक्षयतृतीयेची पारणी झाली की कामाला लागा. दोन-चार ठिकाणी चौकोन कापून बघा. कोरडा, घट्ट असेल तो ठेवा; ओला, भुसभुशीत तेवढा स्लॅबपर्यंत काढा. आधी पुंजणीनं किंवा मऊ झाडूनं जागा पुंजून घ्या. ग्राइंडर नको, भुगा उडतो. पट्ट्या कापून खरवडायला सांगा. मजुराला चांगला मास्क आणि चष्मा आपण द्यायचा. तोही पंचेंद्रिय जीवच आहे. तुकडे लगेच गोणीत भरा. बांधकामाच्या कचऱ्यातलं प्लास्टिक वेगळं ठेवायला 2016 च्या नियमांनीच सांगितलं होतं. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून सांगतील तिथेच पाठवा.

हे घरातल्या पुरुषांवर सोडू नका. चौमासी चौदस लागायच्या आत गच्ची कोरडी आणि साफ हवी. चातुर्मासात उकरायला घेतलंत तर मात्र ती हिंसा टाळता येणार नाही.