नवी गाडी की सेकंडहँड?

मैत्रिणींनो, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. तेव्हापासून ‘आता नवीच घ्या’ असं जो तो सांगतोय. मला विचाराल तर जरा हिशेब मांडा. नवी स्वस्त झाली, तर सेकंडहँडचाही भाव उतरायला हवा. करकपातीआधीच्या भावाने कुणी किंमत सांगितली तर मुळीच ऐकू नका. नवीचा हप्ता जड जाणार असेल तर सेकंडहँड वाईट नाही. फक्त आरसीवर बँकेचा बोजा नाही ना ते बघा, फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घ्या, विमा नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या. आणि हो, पैसे तुमचे असतील तर गाडीही तुमच्याच नावावर हवी!