आपला टीव्ही 'अप टू डेट' आहे

मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठी साताऱ्याला घरी गेलो होतो. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो तर बाबा टीव्हीच्या सेटिंगमध्ये. म्हटलं काय करताय? "अपडेट आलंय का बघतोय." रोज बघतात म्हणे!

झालं होतं असं की, ज्या ॲपवर ते जुनी नाटकं बघायचे ते तीन आठवड्यांपासून उघडतच नव्हतं. उघडलं की पाटी यायची.. हे ॲप आता या उपकरणावर चालणार नाही, कृपया तुमचं सॉफ्टवेअर अपडेट करा. बाबांनी आख्खी नोकरी सरकारी कचेरीत काढलेली, त्यामुळे पाटीवर लिहिलेलं पाळायचं ही सवय. ते इमानदारीत सेटिंगमध्ये जायचे, 'चेक फॉर अपडेट' दाबायचे. मिनिटभर चक्र फिरायचं आणि टीव्ही सांगायचा, तुमची सिस्टिम अप टू डेट आहे. म्हणजे एकाच पडद्यावर एक म्हणतोय तू जुना झालास, दुसरा म्हणतोय तू एकदम ताजा.

मी 'अबाउट'मध्ये जाऊन बघितलं. अँड्रॉइड ९, सिक्युरिटी पॅच २०२० सालचा. टीव्ही आम्ही २०१९ च्या दिवाळीत घेतला होता, माझ्या बोनसमधले थोडे आणि बाबांचे बरेच पैसे घालून. म्हणजे त्याला जे काय मिळायचं ते वर्षभरात मिळून संपलं. पडदा मात्र आजही झकास आहे, आवाज खणखणीत. त्याच्या आधीचा डबा टीव्ही आमच्याकडे सोळा वर्षं चालला आणि त्याने एकदाही कुणाला 'कृपया अपडेट करा' म्हटलं नाही.

"अरे पण तू सॉफ्टवेअरमध्येच आहेस ना? मग करून टाक की." हे वाक्य प्रत्येक आयटीवाल्याने आयुष्यात शंभरदा ऐकलेलं असतं (प्रिंटरपासून लग्नपत्रिकेच्या डिझाइनपर्यंत). पण ह्या वेळी उत्तर देताना मला जरा लाज वाटली. का ते पुढे सांगतो.

आधी हे अपडेट अडतं कुठे ते बघू. फोनचं अपडेट उशिरा येतं हे आपल्याला माहीत असतं, टीव्हीचं प्रकरण त्याहून लांबचं आहे. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढतं. ती टीव्हीतल्या चिपवर चालायला हवी, त्यासाठी चिप बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे मीडियाटेक, रिअलटेक किंवा ॲमलॉजिकसारख्यांनी, ड्रायव्हर आणि कर्नल तयार करून द्यायला हवेत. त्यांचा सगळा जीव पुढच्या वर्षीच्या चिपमध्ये. समजा दिले, तर ते बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडे जातात. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रँडचा स्वतःचा कारखानाच नसतो. टीव्ही कंत्राटावर दुसरा कुणीतरी बनवतो, ब्रँडचं फक्त नाव. मग ट्यूनर, एचडीएमआय, आवाज, सगळं परत तपासायचं. गूगलच्या चाचण्या पास करायच्या, नेटफ्लिक्ससारख्यांचं सर्टिफिकेशन परत घ्यायचं. आणि एवढं सगळं कशासाठी, तर पाच-सहा वर्षांपूर्वी विकलेल्या टीव्हीसाठी, ज्याचे पैसे कधीच खिशात आलेले आहेत. प्रॉडक्ट मॅनेजरच्या खुर्चीत मी असतो तर मीपण हे काम यादीच्या तळाशीच टाकलं असतं.

पण मग एक गोष्ट खटकते. बाबांच्या त्याच टीव्हीवर, ज्याला २०२० नंतर पॅच मिळालेला नाही, होम स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात कुठल्यातरी वेबसिरीजची ताजी जाहिरात झळकत होती! ही कशी काय वेळेवर पोचली?

उत्तर साधं आहे. होम स्क्रीन, म्हणजे लाँचर, हे वेगळं ॲप आहे आणि ते प्ले स्टोअरमधून परस्पर अपडेट होतं. चिपवाला नको, कारखाना नको, सर्टिफिकेशन नको. २०२१ च्या मध्यावर अँड्रॉइड टीव्हीच्या होम स्क्रीनवर ते मोठं बॅनर आलं तेव्हा लोकांनी प्ले स्टोअरवर एक-एक तारा देऊन राग काढला होता. काही फरक पडला नाही. म्हणजे बघा, इंजिनियरिंग जमत नाही असं अजिबात नाही. जो भाग कमावून देतो तो बाकीच्या सिस्टिमपासून नीट वेगळा काढून ठेवलाय, आणि त्याचं अपडेट न मागता येतं. जो भाग फक्त आपल्या उपयोगाचा, त्याच्यासाठी रोज सकाळी बटण दाबायचं.

जाहिरात आणि माहिती विकून टीव्ही स्वस्त करायचा हा धंदा काही नवीन नाही. लोक काय बघतात याची माहिती न विचारता गोळा केली म्हणून अमेरिकेत व्हिझिओला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले होते. ह्याचा अर्थ टीव्ही चालू असेपर्यंत कंपनी आपल्याकडून काही ना काही कमवू शकते. मग चालू असेपर्यंत पॅच द्यायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त स्वस्त ब्रँडपुरतं आहे असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने जुनी एपीआय बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. १ डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही मॉडेल्सवर नेटफ्लिक्स बंद पडलं. मार्च २०२५ मधला किस्सा तर आमच्या धंद्यातल्या लोकांनी फळ्यावर लिहून ठेवावा असा. दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाच दिवशी बंद पडली. कारण? दहा वर्षांच्या मुदतीचं एक सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं. २०१५ मध्ये ते बनवणाऱ्याला वाटलं असेल, दहा वर्षं कोण वापरतंय! लोक वापरत होते. गूगलने काही दिवसांत अपडेट सोडलं, हे मान्य करायला हवं. काहींनी मात्र तोपर्यंत वैतागून फॅक्टरी रिसेट मारून अजून घोळ करून ठेवला होता.

आता लाजेचं. साधारण दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये (आम्हीपण टीव्हीवर चालणारं एक ॲप बनवतो, बाबांचं ते हे नव्हे) अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट काढायचा विषय निघाला होता. नवीन प्लेयर लायब्ररी जुन्यावर चालेना, टेस्टिंगला दोन जास्तीचे टीव्ही लागायचे, दर रिलीजला त्यांच्यावरच बग निघायचे. डॅशबोर्डवर जुन्या आवृत्त्यांची पट्टी इतकी बारीक होती की माऊस नेमका त्याच्यावर ठेवता येत नव्हता. मीच म्हटलं होतं, काढून टाकूया. एका फाइलमधला एक आकडा बदलला, कमिट केलं आणि जेवायला गेलो. त्या वेळी ती पाटी लिहायचं कामही माझ्याकडेच होतं. 'कृपया तुमचं सॉफ्टवेअर अपडेट करा' हे मीच लिहिलंय. अपडेट येणारच नाहीये हे माहीत असताना लिहिलंय, कारण 'आम्हाला परवडत नाही' असं लिहिता येत नाही.

अशीच पाटी वाचून कुठेतरी कुणाचे तरी बाबा रोज सकाळी बटण दाबत असणार, हा विचार तेव्हा शिवलासुद्धा नव्हता.

सगळ्यांनी जुनं सगळं कायम सांभाळावं असं माझं म्हणणं नाही, ते शक्य नाही. नवी आवृत्ती तर मला नकोच आहे. सात वर्षं जुन्या टीव्हीतल्या त्या एवढ्याशा रॅमवर आजची अँड्रॉइड टाकली तर आवाज वाढवायचं बटण दाबून आंघोळ करून यावं लागेल. मला दोनच गोष्टी हव्यात. सिक्युरिटी पॅच, आणि विकतानाच सांगितलेली तारीख. दुधाच्या पिशवीवर असते ना, तशी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून हा कायदाच आहे. इंटरनेटला जोडणारी वस्तू विकायची तर सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासूनचा नियम आहे की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान ८ वर्षं त्याचं उपलब्ध असलेलं ताजं सिक्युरिटी अपडेट फुकट मिळालं पाहिजे. 'उपलब्ध असलेलं' ह्या शब्दात पळवाट आहेच म्हणा, नवीन काही बनवलंच नाही तर काय? तरी काहीतरी आहे. आणि कंपन्यांना जमत नाही असंही नाही, सॅमसंगने २०२४ मध्ये नव्या टायझेन टीव्हींना ७ वर्षं ओएस अपग्रेड द्यायचं जाहीर केलं, एलजीने ५ वर्षं.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. खोक्यावर वीज किती खातो त्याचे तारे असतात, इंच असतात, वॅट असतात. सॉफ्टवेअर कधी मरणार ते कुठेच नाही. दुकानात विचारून बघा, सेल्समन म्हणेल, "सर, अपडेट आते रहते हैं."

बाबांचं काय केलं? दुकानातून एक स्टिक आणून मागे एचडीएमआयला लावली. टीव्हीचं वायफाय काढून टाकलं. आता तो नुसता पडदा आहे, आणि खरं तर तेच त्याला उत्तम जमतं. नाटकं परत सुरू झाली. पण घरात आता तीन रिमोट आहेत, केबलचा, टीव्हीचा आणि स्टिकचा. आईने तिन्हींवर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने १, २, ३ लिहिलंय.

काल रात्री फोनवर बाबा विचारत होते, "ह्या स्टिकचं अपडेट किती वर्षं येतं रे?" म्हटलं बघून सांगतो.