इंग्रजी येतं, पण वाचता येत नाही

‘मराठी मीडियमची पोरं इंग्रजीत कच्ची’ हे वाक्य फर्स्ट इयरला पाऊल टाकल्यापासून आपण ऐकतो. कामशेत, मळवली, पवन मावळातून लोकलने किंवा एसटीने येणाऱ्यांना तर ते जरा जास्तच ऐकवलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आज कॉलेजात असलेले आपण बहुतेक जण दहा वर्षं इंग्रजी शिकून दहावी झालो आहोत. त्या दहा वर्षांत केलं काय, हा खरा प्रश्न.

केलं ‘डू ॲज डायरेक्टेड’! ‘टू’ काढून ‘सो दॅट’ घाला, ‘नो सूनर’ने सुरुवात करा, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा. कर्ता उचलून शेवटी टाकायचा, त्याच्या आधी ‘बाय’ लावायचा, मार्क खिशात. उताऱ्याचंही तेच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अर्थ कळलाच पाहिजे असं बंधन नाही.

आता मेकॅनिक्सचं पुस्तक उघडा. पानभर पॅसिव्ह व्हॉइस! ‘इज अझ्यूम्ड टू बी’, ‘इज सब्जेक्टेड टू’. ज्याने शाळेत शंभर वाक्यं पॅसिव्ह केली, त्यालाच इथे काय गृहीत धरलंय आणि भार कशावर येतोय ते उमगत नाही. वाक्य उलटं करायचा सराव झाला, वाचायचा झालाच नाही. शब्दही फसवतात. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण हे माहीत असतं, इथे तो बलाचा आघूर्ण असतो. ‘लाइट’ दोरी म्हणजे जिचं वस्तुमान धरायचं नाही ती, आणि ‘स्मूद’ म्हणजे घर्षण सोडून द्या. ‘रिस्पेक्टिव्हली’ न कळल्यामुळे आकडे उलटसुलट टाकून केटी लावून घेतलेली पोरं आमच्या होस्टेलवर आहेत, आणि त्यांचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ही रड आपल्या एकट्याची नाही. चीनमध्ये ‘गाओकाओ’ या प्रवेशपरीक्षेत चिनी, गणित आणि इंग्रजी या तिन्ही विषयांना १५०-१५० मार्क. त्यामुळे तिथली हायस्कूलची मुलं ग्रॅमर आणि उताऱ्यांचे ढीगच्या ढीग उपसतात. एवढं करूनही तोंड उघडत नाही, म्हणून तिथे ‘मुकं इंग्रजी’ असा शब्दच रूढ झालाय. यावर आपल्याकडे कोणीही म्हणेल, मग लावा स्पोकन इंग्लिशचा क्लास! मला उलट वाटतं. त्या मुलांचं पुढचं इंजिनिअरिंग चिनी भाषेतून होतं, तरी त्यांना अनोळखी उतारा वाचायची सवय आहे. आपलं पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, आणि सवय मात्र नाही. बोलणं मागाहून येईल हो.

२०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीतूनही इंजिनिअरिंगची वाट मोकळी केली, याचा मला आनंदच आहे. पण डेटाशीट आणि मशीनचं मॅन्युअल तिथेही बहुतेक इंग्रजीतूनच वाचावं लागणार.

म्हणून आमच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला ‘माय ॲम्बिशन’वर दोन मिनिटं बोलायला लावण्यापेक्षा त्याच आठवड्यात चालू असलेल्या मेकॅनिक्सचं एक पान घ्या. मुलाने ते वाचावं आणि काय दिलंय, काय काढायचंय ते मराठीत सांगावं. हो, मराठीतच! त्याला कळलं की नुसतं पाठ झालं, हे लगेच दिसेल. आणि हे पहिल्या इन-सेमच्या आधी व्हावं. त्यानंतर ज्याला खरी गरज आहे तो सोडवलेले पेपर घोकायला लागलेला असतो, आणि मग तो पुस्तक उघडत नाही.