पेट्रोलचा वास आणि उतरते वय

जुन्या मारुती व्हॅनची मागची आसने काढून तेथे गादी, पाण्याचा कॅन आणि लहानशी शेगडी ठेवायची आणि कोकणात किंवा अष्टविनायकांच्या दर्शनाला निघायचे, हा बेत निवृत्तीनंतर अनेकांना मोह घालतो. खोलीचे भाडे वाचते, गुडघे दुखू लागले की वाटेल तेथे थांबता येते आणि पथ्याचे जेवण स्वतःच्या हाताने शिजवता येते. या हौसेला वैद्यकीय आक्षेप घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. आक्षेप आहे तो गाडीत पेट्रोलचा वास येत असताना ‘जुनी गाडी आहे, थोडा वास येणारच’ असे म्हणून प्रवासाला निघण्याला.

पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली ही गाडी १९८४ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. त्यामुळे इंजिनाजवळ गळती झाली तर पेट्रोलची वाफ थेट बसणाऱ्यांच्या भोवती येते. ही वाफ हवेपेक्षा कितीतरी जड असते. ती वर विरून जात नाही. तळाशी, म्हणजे नेमकी आपली गादी जेथे असते तेथे, साचून राहते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता नाकाविषयी. साठीनंतर दृष्टी आणि श्रवण मंदावतात हे आपण मान्य करतो, चष्मा आणि श्रवणयंत्रही घेतो. गंधाची जाणीव मात्र इतकी हळूहळू उतरते की ती कमी झाल्याचे ज्याचे त्यालाच कळत नाही. ऐंशीनंतर बहुसंख्य व्यक्तींमध्ये ती लक्षणीय घटलेली असते. कोविडनंतर काहींची ती पूर्ववत झालेली नाही. पार्किन्सन आणि अल्झायमर या विकारांत तर ती फार आधीच क्षीण होते. शिवाय निरोगी नाकदेखील सततच्या वासाला काही मिनिटांत सरावते. तासभर गाडीत बसलेल्याला जो वास जाणवत नाही, तो बाहेरून दार उघडणाऱ्याला चटकन जाणवतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेल्या वासाचीही हीच गत होते.

घरच्या घरी अजमावून पाहायचे असेल तर डोळे मिटून, एक नाकपुडी बंद करून कॉफीची पूड आणि आंघोळीचा साबण ओळखता येतो का ते पाहावे. मग दुसऱ्या नाकपुडीने तेच करावे. कापूर, पुदिना किंवा बाम यांचा उपयोग करू नये. त्यांची झणझण वेगळ्या मज्जातंतूने जाणवते आणि वास मुळीच न येणाऱ्यालाही ‘येतो’ असे वाटते.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ डोकेदुखी आणि मळमळीची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. त्रास फक्त प्रवासात होई. रक्तदाब उत्तम, साखर आटोक्यात. सोबतच्या पत्नी हळूच म्हणाल्या, ‘‘गाडीत वास येतो, असे मी केव्हाची सांगते आहे.’’ त्यावर यजमानांचे उत्तर, ‘‘तिला कशाचाही वास येतो.’’ गाडी तपासली तेव्हा फिल्टरपासून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी तडकलेली निघाली. स्त्रियांची घ्राणशक्ती सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक टिकते, हे या निमित्ताने यजमानांच्या कानावर घातले. वास नसतानाही असाच त्रास होत असेल, तर धूर बाहेर नेणारी नळीही तपासून घ्यावी. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो अधिक घातक असतो.

गॅरेजमध्ये जाताना नुसते ‘वास येतो’ असे सांगू नये. केव्हा येतो तेही सांगावे. टाकी भरल्यावरच येत असेल, तर दोष टाकीच्या तोंडाशी असलेल्या नळीत किंवा हवेच्या नळीत असण्याचा संभव अधिक. तापलेली गाडी थांबवल्यावर येत असेल, तर कार्ब्युरेटरकडे आधी पाहावे. रात्रभर उभ्या गाडीखाली ओल दिसली, तर टाकी आणि खालून जाणाऱ्या नळ्या. जमीन कोरडी आहे म्हणून गळती नाही, असे मात्र समजू नये. पेट्रोल पडता पडताच उडून जाते. मागे राहतो तो नळीच्या टोकाशी फिकट तपकिरी डाग.

एक नळी तडकली असेल तर तिच्याच वयाच्या बाकीच्या नळ्याही त्याच मार्गावर असतात. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या आणि क्लिपा एकदम बदलून घ्याव्यात, असे माझे मत आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते. त्याला टिकेल अशीच नळी मागावी. पाण्याची साधी प्लास्टिकची नळी चालत नाही. इंजेक्शनच्या इंजिनात दाब बराच जास्त असतो, त्यासाठी नळी आणि क्लिप वेगळी लागते. गंजून छिद्र पडलेल्या टाकीला लांबी लावून वेळ मारून नेता येते, प्रवास करता येत नाही. आणि रिकामी टाकी वेल्डिंगला देणे सर्वांत धोक्याचे. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली टाकी अधिक भयंकर असते.

काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच व्हावे. शेगडी आणि सिलिंडर आधीच खाली उतरवावेत.

येथे एका घातक सवयीविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढले जाते. पेट्रोल पातळ असल्याने ते घशातून श्वासनलिकेत सहज शिरते आणि फुफ्फुसाला रासायनिक सूज आणते. असे झाल्यास उलटी करवू नये. उलटीबरोबर ते पुन्हा फुफ्फुसात जाते. मीठपाणी, दूध किंवा तेल पाजू नये. कपड्यांवर सांडले असेल तर ते उतरवून त्वचा साबणाने धुवावी. खोकला, धाप किंवा झापड असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. काहीच जाणवत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण लक्षणे काही तासांनी उमटू शकतात आणि सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये. पेट्रोल काढायला हातपंप मिळतो आणि तो स्वस्त असतो.

दुरुस्तीनंतर इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहावे, मग टाकी भरून पुन्हा पाहावे. पहिल्या दिवशी एखाद्या तरुण नातेवाइकाला बाहेरून येऊन दार उघडायला आणि वास घ्यायला सांगावे. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे पुढच्या आसनाजवळ हाताशी ठेवावे, गादीखाली नव्हे. सरकते दार आतून सहज उघडते ना, ते एकदा अंधारात उघडून पाहावे. ज्यांना उठायला वेळ लागतो त्यांनी दाराच्या बाजूला झोपावे आणि काठीही त्याच बाजूला ठेवावी.