जंबुद्वीपातील जांभूळ कोणाचे?

पूजेला बसलेला यजमान संकल्पात जंबुद्वीपाचा उच्चार करतो आणि पाठोपाठ गोदावरीच्या दक्षिण तीराचाही. नांदेडजवळची विष्णुपुरी नेमकी याच तीरावर वसलेली आहे. परंतु ज्या वृक्षावरून या द्वीपाला नाव मिळाले, त्याचे मोल आम्हाला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने शिकवावे, ही स्वत्वहीनतेची परिसीमा होय.

1999 साली न्यू जर्सीच्या क्रोमॅक रिसर्च या कंपनीस जांभूळ, कारले, मधुनाशिनी आणि वांगे यांच्या मधुमेहावरील मिश्रणाचे पेटंट मिळाले. वांगे आणि कारलेसुद्धा! संशोधक म्हणून नोंदलेल्यांत भारतीय नावेही होती, हे परकीयांना दोष देताना विसरू नये. चरकसंहितेतील मूत्रसंग्रहणीय गणात, म्हणजे अतिरिक्त मूत्रप्रवृत्ती रोखणाऱ्या दहा द्रव्यांत, जांभळाचे नाव अग्रस्थानी आहे. 1921 साली इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातील डॉक्टरही मधुमेहावर जांभळाच्या बिया देत असत. मग नवे ते काय?

आमचे पुरोगामी मित्र यावर हसतील. आजीबाईचा बटवा त्यांना अंधश्रद्धा वाटतो; त्याच बटव्यावर परदेशी शिक्का बसला की ते संशोधन ठरते! पण आपल्यातील उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची मधुमेही रुग्णांवर चाचणी झाली. रक्तशर्करेत फरक पडला नाही. पानांवरून बियांचा निकाल लागत नाही हे खरे, तथापि जांभळाचे चूर्ण घ्या आणि इन्सुलिन फेकून द्या, असा सल्ला देणारा आयुर्वेदाचा शत्रूच समजावा.

हळदीचे अमेरिकन पेटंट 1997 साली रद्द झाले, ते घोषणांनी नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडले, म्हणून झाले. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. आपल्या गावच्या नोंदवहीत जांभळाची साल अतिसारावर कशी देतात, बिया कशा वाळवितात, हे लिहिलेले आहे काय? किती कार्यकर्त्यांनी ती वही उघडून पाहिली?

विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. गोदावरीचा पूल ओलांडला की नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. या तिघांनी एकत्र बसून बियांच्या चूर्णाची रीतसर चाचणी करावी आणि निष्कर्ष, अनुकूल वा प्रतिकूल, मराठीत प्रसिद्ध करावा, ही आमची मागणी आहे. बियांसाठी न्यू जर्सीला जावे लागणार नाही; मृगाच्या सरींनंतर पाट्या भरभरून जांभळे बाजारात येतात आणि बिया रस्त्यावर थुंकल्या जातात.