डागडुजीचा वाली कोण?

धरण बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. कालव्यातला गाळ उपसणाऱ्याची नोंद फार तर हजेरीपटावर राहते. सॉफ्टवेअरच्या जगातही हाच न्याय चालतो. नवे उत्पादन बाजारात आणण्यासाठी भांडवल धावून येते. जुने नीट चालावे म्हणून लागणारे श्रम मात्र निव्वळ खर्च मानून कापले जातात.

यावरचे ठरीव उत्तर असे की, साधने मर्यादित आहेत, तेव्हा प्राधान्यक्रम लावणे भागच आहे. अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी हे नाकारणार नाही. प्रश्न आहे तो हा क्रम कोणी आणि कोणत्या कसोटीने लावायचा, हा. बाजाराची कसोटी एकच: पैसे कोण मोजतो?

या कसोटीचे फळ पाहा. ओपनएसएसएल ही विनामूल्य प्रणाली असंख्य संकेतस्थळांवरील व्यवहार गुप्त राखते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षे, तो तसाच पडून होता. त्या वेळी या प्रणालीवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर! बोभाटा होताच त्याच महिन्यात बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला. म्हणजे पैसा होता. देण्याची निकड वाटत नव्हती, इतकेच.

सॉफ्टवेअर गंजत नाही, मग देखभाल कसली, असे काही शहाणे विचारतात. संगणकशास्त्रज्ञ लेहमन यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले की, वापरातील प्रणाली बदलत्या गरजांशी सतत जुळवून घेतली नाही तर ती उत्तरोत्तर अपुरी ठरते. हाच घसारा. घसाऱ्याची तरतूद न करता नफा वाटणे म्हणजे भांडवलच खाणे होय.

दुसरा युक्तिवाद स्वयंसेवकांच्या हौसेचा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रणालीत दडवलेली चोरवाट सापडली. तिची निगा वर्षानुवर्षे एकच माणूस विनामोबदला राखत होता. तो थकला, तेव्हा मदतनीस म्हणून पुढे आलेल्याने विश्वास संपादन करून ही वाट खोदली. फुकटच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची किंमत अखेर समाजच मोजतो.

तेव्हा कसोटी बदलली पाहिजे. एखाद्या प्रणालीवर किती लोक विसंबून आहेत, ती कोसळली तर सर्वाधिक हानी कोणाची होईल, आणि तिचे मर्म जाणणारे हात किती उरले आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून क्रम लावावा. देखभालीचा वाटा अंदाजपत्रकात आधी बाजूला काढावा. नव्या सोयींची हौस उरलेल्या रकमेतून भागवावी. शिल्लक राहिली तर डागडुजी, हे नियोजन नव्हे.

जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा कामासाठी सार्वजनिक निधी सुरू केला. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. मग ज्याचा वापर घ्यायचा, त्याच्या निगेचा भारही उचलणे ओघानेच येते. रेशन आणि पेन्शनही जेथे संगणकावर अवलंबून आहे, तेथे हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून कार्यकर्त्यांनी दूर लोटू नये. यंत्र अडले की कंपनीचा नफा काही काळ थांबतो; गरिबाची मात्र चूलच थांबते.